पेट्रोल टाकीतला गंज काढताना: नवशिक्यांसाठी टाकी उतरवण्यापासून लेपापर्यंत

काकांची यामाहा आरएक्स १०० सांगलीत गावभागातल्या घराच्या जिन्याखाली असायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले, तेव्हा गाडी हँडलपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर इंजिन खोललं, वायरिंग बदललं, सीट नव्याने शिवून घेतली. टाकीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण बाहेरून धुतल्यावर ती पहिल्यासारखीच चमकत होती. पुढे वर्षभराने गाडी माधवनगर ओलांडलं की खोकायला लागली. कार्बोरेटर साफ केला की आठ दिवस बरी, परत तेच. शेवटी झाकण काढून आत बॅटरी मारली, तर तळाशी विटांचा चुरा पसरल्यासारखा लाल थर आणि वरच्या पत्र्याला सोललेले पापुद्रे.

पूर आला नाही तरी टाकी गंजते. अर्धी रिकामी टाकी महिनोन् महिने उभी राहिली की रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतली वाफ वरच्या पत्र्यावर दवासारखी जमते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. हे इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं असेलही, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. थोडं पाणी पेट्रोलमध्ये मुरून राहतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होतं आणि जड म्हणून तळाला बसतं. टाकी सगळ्यात आधी तिथेच, खालच्या जोडाला आणि कॉकच्या (पेट्रोल चालू-बंद करायच्या तोटीच्या) आसपास कुजते.

आधी ठरवा, ही टाकी करण्यासारखी आहे का

हा लेख कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे: जुनी स्प्लेंडर, आरएक्स, येझदी, बुलेट. बीएस-६ च्या (२०२० पासूनच्या प्रदूषण नियमांच्या) बहुतेक गाड्यांना कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असतं आणि पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बसवलेला असतो. ते काम शिकाऊ हातांचं नाही.

स्प्लेंडरची टाकी बाजारात सहज मिळते. तिचा तळ चाळणीसारखा झाला असेल तर चार दिवस घालवण्यापेक्षा नवी टाकी आणलेली बरी. आरएक्स किंवा येझदीच्या मूळ टाकीचं तसं नाही, तिच्यासाठी घाम गाळायला हरकत नाही.

पत्रा किती शिल्लक आहे ते बघायची सोपी रीत: टाकी रिकामी झाल्यावर तळाच्या जोडाला बाहेरून स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या बाजूने हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा टणटणतो, कुजलेला भद्द वाजतो. शंका वाटली तर त्या भागावर बाहेरून पांढरा खडू घासा आणि आत अर्धा लिटर डिझेल ओतून रात्रभर तिरपी ठेवा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी सकाळी खडूवर ओला डाग दिसतो.

पेट्रोल काढणं आणि टाकी उतरवणं

इथे जरा थांबतो, कारण या कामात माणूस भाजण्याची शक्यता ॲसिडपेक्षा इथे जास्त. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, उंबरा ओलांडते, बोळातून शेजारच्या घरात जाते. देवघरातली निरांजन, दारातली उदबत्ती, बंबाचा जाळ, एवढं तिला पुरतं. आणि भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. म्हणून काम अंगणात किंवा गच्चीवर, वारा असेल तिथे. अंधाऱ्या जिन्याखाली बल्ब लावून नाही.

गाडीच्या बॅटरीची वायर काढा. कॉकची नळी काढून पेट्रोल पत्र्याच्या किंवा पेट्रोलसाठीच्या जाड कॅनमध्ये घ्या, कोल्ड्रिंकच्या बाटलीत नको. सीट काढल्यावर टाकीच्या मागचा बोल्ट दिसतो, बहुतेक गाड्यांत दहा नंबरच्या पान्याचा. तो काढला की टाकी मागून उचलून मागे ओढायची. पुढे ती दोन रबरी बुशांवर बसलेली असते, अडकली तर हिसका देऊ नका, डावी-उजवी हलवा. पेट्रोलचा काटा असेल तर त्याची वायर आधी सोडवा.

आता टाकीवरून सगळं उतरवायचं: झाकण, कॉक, काट्याचा फ्लोट. कॉक आणि झाकण जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ओतकामाचे असतात, ॲसिडमध्ये ते पत्र्याच्या आधी खाल्ले जातात. कॉक कुठे दोन बोल्टांवर असतो, कुठे एका मोठ्या नटावर. नट असेल तर आटे उलटे आहेत का ते बघा, जोर नंतर.

भोकं बुजवायला जुनी सायकलची ट्यूब उत्तम. तिचा तुकडा कापून पॅकिंग करा, वर पत्र्याची पट्टी, आणि कॉकचेच बोल्ट आवळा. रंग वाचवायचा असेल तर टाकीला जाड प्लास्टिक गुंडाळून तोंडाभोवती चिकटपट्टी लावा आणि कडेला व्हॅसलीन फासा. पाण्याची एक बादली कायम हाताशी, थेंब सांडला की लगेच धुवायचा.

धुणं, मग खुळखुळवणं

जुन्या पेट्रोलचा एक चिकट, वार्निशासारखा थर गंजावर बसलेला असतो. तो गेल्याशिवाय ॲसिड गंजापर्यंत पोचत नाही, आणि नवशिके नेमकी हीच पायरी गाळतात. भांडी घासायचं लिक्विड आणि दोन मुठी धुण्याचा सोडा कढत पाण्यात कालवून टाकीत ओता, हलवा, तासभर ठेवा, ओतून टाका. पेट्रोलचा वास पुरता जाईपर्यंत दोन-तीन वेळा.

त्यानंतर सैल पापुद्रे पाडायचे. बरेचजण मूठभर नट-बोल्ट किंवा खडी टाकतात. माझं मत साखळीच्या बाजूने. दोन-तीन फुटांची जाड लोखंडी साखळी आणि लिटरभर साबणाचं पाणी टाकीत घाला, साखळीचं एक टोक तोंडातून बाहेर बांधून ठेवा आणि टाकी गोधडीवर ठेवून सगळ्या अंगांनी हलवा. साखळी एका ओढीत बाहेर येते. नट टाकले असतील तर मोजून टाका आणि मोजून काढा, एक तरी फ्रेमच्या खाचेमागे लपून बसतोच.

या खाचेकडे नीट लक्ष द्या. टाकी फ्रेमच्या पाइपवर घोड्यावरच्या खोगिरासारखी बसते, म्हणून तिला दोन पोटं असतात. कॉक बहुधा एकाच पोटाला असतो. दुसऱ्या पोटातलं पाणी, गाळ, पुढे सीलर (आतून द्यायचा लेप), काहीही आपोआप वाहून येत नाही. टाकी उलटी करून, कलती करून ते काढावं लागतं. पुढच्या प्रत्येक पायरीला हे आठवा.

गंज काढणं

गॅरेजमध्ये सर्रास संडास साफ करायचं ॲसिड वापरतात. काम दहा मिनिटांत होतं, म्हणून मीही माझ्या स्प्लेंडरवर ते केलं होतं. गंज गेला, आत पांढरा पत्रा दिसला, मी खूश. चौथ्या दिवशी जोडाला तीन ठिकाणी पेट्रोल झिरपायला लागलं. आमच्या गल्लीतला फिटर टाकी उन्हात धरून म्हणाला, “दादा, ॲसिडनं गंज गेला, बरोबर. पण पत्राबी गेला की ओ.” हायड्रोक्लोरिक ॲसिड गंज आणि लोखंड यांत फारसा भेद करत नाही, आणि त्याचे क्षार जोडाच्या फटीत राहिले तर धुतल्यावरही आतून खात बसतात.

शिकणाऱ्याने लिंबूसत्त्व वापरावं. सायट्रिक ॲसिड तेच. किराणा मालाच्या ठोक दुकानात किलोने मिळतं. प्रमाण लिटरला ८० ते १०० ग्रॅम. आरएक्सची टाकी साधारण दहा लिटरची, म्हणजे किलोभर पुरतं. पाणी हात भाजेल इतकं गरम, पण उकळतं नको. सत्त्व बादलीत पूर्ण विरघळवून मग नरसाळ्याने टाकी गळ्यापर्यंत भरा, कारण गंज वरच्या पत्र्यालाही असतो आणि अर्धी टाकी भरून तो जात नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल. स्वयंपाकघरातलं आहे म्हणून डोळ्यांना सोसत नाही.

तोंड घट्ट बंद करू नका. आत बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, त्यांना वाट हवी आणि जवळ विस्तव नको. वर फक्त एक फडकं टाका.

बारा तासांनी पाणी हिरवट पिवळं झालेलं असतं, वर मळकट फेस. बोट घालून (मोजा घालूनच) आतला पत्रा पुसला की बोटाला काळी, काजळीसारखी साय लागते आणि खाली राखाडी लोखंड दिसतं. तसं दिसलं की काम झालं. तांबूस भाग उरले असतील तर आणखी सहा-आठ तास, किंवा पाणी बदलून दुसरा घाणा. पण चोवीस तासांहून जास्त काळ तेच पाणी ठेवू नका, पिवळा चिकट साका पत्र्यावर बसतो आणि तो काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

फॉस्फरिक ॲसिड याहून जलद आणि पत्र्यावर फॉस्फेटचा पातळ थर सोडून जातं, सीलर धरायला तो चांगला. हात बसल्यावर ते वापरा. आठ-दहा भाग पाण्यात एक भाग ॲसिड, नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही.

काहीजण धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून विजेने गंज काढतात. टाकीला ऋण टोक, मध्ये लोंबकळत्या साध्या लोखंडी सळीला धन टोक, सळी टाकीला कुठेही टेकता कामा नये. पत्रा अजिबात खाल्ला जात नाही हा त्याचा मोठा गुण. पण स्टीलचा चमचा सळी म्हणून वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. शिवाय खाचेमागच्या कोपऱ्यापर्यंत सळीचा परिणाम पोचत नाही. पहिल्या टाकीला मी ही वाट सुचवणार नाही.

वाळवणं: इथेच बहुतेकांची टाकी हातची जाते

ॲसिडचं पाणी एका टबात काढा. त्यात खाण्याचा सोडा थोडा थोडा टाकत राहा, फसफसणं थांबेपर्यंत. मगच ते भरपूर पाण्याबरोबर सोडा. साबणाचं पेट्रोलमिश्रित पाणी गटारात नको, गटार शेवटी कृष्णेलाच मिळतं. पहिलं धुवण कॅनमध्ये ठेवून वरचं पेट्रोल वेगळं होऊ द्या आणि ते गॅरेजमध्ये सुटे भाग धुवायला द्या.

टाकीत लगेच साधं पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी (लिटरला दोन मोठे चमचे), मग परत साधं पाणी. हे सगळं एका दमात. ॲसिडने उघडं पडलेलं लोखंड ओल्या हवेत किती वेगाने लाल होतं, हे बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. पहिल्या वेळी मी टाकी धुऊन पालथी घातली आणि चहाला गेलो. आलो तेव्हा आतून कुणीतरी हळद फासावी तसा पिवळसर लाल थर चढलेला. सांगलीत हळद कुठेही चढते, पण टाकीत नको होती. परत लिंबूसत्त्व, परत धुणं.

तेव्हा शेवटचं पाणी काढण्याआधी पुढची तयारी जवळ ठेवा. पाणी दोन्ही पोटांतून झटकून काढलं की पाव लिटर ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकीत घोळवा. उरलेलं पाणी ते आपल्यात ओढून घेतं. ते ओतून टाका, तोंड आणि कॉकचं भोक उघडं ठेवून वाऱ्यावर दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. ॲसिटोनचा वास असेपर्यंत हेअर ड्रायर लावायचा नाही. त्याच्या तापलेल्या तारेवर वाफ पेटते. वास गेला की मग गरम हवा, कॉकच्या भोकातून आत आणि तोंडातून बाहेर, अर्धा तास. त्यानंतर उन्हात.

वाळली का, हे हाताला कळत नाही. तोंडावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी रबराने ताणून बसवा आणि टाकी तासभर उन्हात ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं, तर आत ओल आहे.

सीलर लावायचाच का?

लोकांना वाटतं गंज काढला की सीलर लावायलाच हवा. मला तसं वाटत नाही. पत्रा जाड असेल, खड्डे पडले नसतील, भोक नसेल आणि गाडी रोज वापरात असेल, तर आत शंभर मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं) पेट्रोलमध्ये मिसळून घोळवा, टाकी बसवा आणि तिला कायम भरलेली ठेवा. नीट न बसलेला सीलर गंजापेक्षा वाईट. गंजाचे कण फिल्टरमध्ये अडकतात, सुटलेल्या सीलरचे पापुद्रे कॉकच्या तोंडावर झडपेसारखे बसतात आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते.

सीलर हवा तो खोल खड्डे पडलेल्या, जोडाला झिरपणाऱ्या, किंवा महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या टाकीला. आणि तो टाचणीच्या टोकाएवढं भोक भरतो, त्याहून मोठं नाही. मोठं भोक आधी झाळकाम करणाऱ्याकडून पितळी झाळ देऊन घ्या. त्याला टाकीत पेट्रोल होतं हे सांगा, धुतलेली असली तरी.

घेताना डब्यावर एकच गोष्ट शोधा: इथेनॉलच्या पेट्रोलला चालतो असं स्पष्ट लिहिलंय का. फायबरकामाच्या दुकानातलं साधं रेझिन स्वस्तात मिळतं आणि पहिले दोन महिने झकास दिसतं. मग इथेनॉल त्याला फुगवून मऊ करतं. टाकीसाठीचा दोन भागांचा एपॉक्सी सीलर घ्या. दहा लिटरच्या टाकीला अडीचशे ते पाचशे मिली पुरतो.

वेळ कोणती? मी एकदा गणपतीच्या आधी गाडी रस्त्यावर आणायची म्हणून श्रावणात, दमट हवेत लेप दिला होता. दिवाळीपर्यंत तो भाजलेल्या पापडासारखा सुटला, आणि काढायला पेंट रिमूव्हर आणि तीन रविवार गेले. आपल्याकडे फेब्रुवारी ते मेचा पूर्वार्ध हा या कामाचा हंगाम. पण मेच्या दुपारी चाळीस अंशांत एपॉक्सी डब्यातच आवळायला लागतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. सकाळी आठला सुरू करा.

लेप देणं

काट्याने वजन करून दोन्ही भाग (रेझिन आणि हार्डनर) डब्यावरच्या प्रमाणात घ्या, अंदाजाने नाही. जास्त हार्डनर घातला की लवकर सुकेल हा गैरसमज आहे, तो कायमचा चिकट राहतो. हवेचे बुडबुडे होऊ न देता तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, डब्याच्या कडा खरवडून.

ओतण्याआधी दोन गोष्टी. कॉकच्या आट्यांना ग्रीस लावलेला बोल्ट बसवा. आणि झाकणाच्या गळ्यातून जाणारी बारीक नळी असेल (सांडलेलं पेट्रोल किंवा पावसाचं पाणी बाहेर जायची), तिच्यात ओवून ठेवायला एक तार तयार ठेवा.

आता सगळा सीलर एकदम ओता, तोंडावर प्लास्टिक आणि चिकटपट्टी, आणि टाकी फिरवायला घ्या. घाईने हलवायची नाही, कढईत तूप फिरवतो तशी. तळ, डावं पोट, उजवं पोट, पुढचं टोक, मागचं टोक, वरचा पत्रा, प्रत्येक अंगावर मिनिट-दोन मिनिटं थांबत, दोन फेऱ्या. खाचेच्या दोन्ही कडांवर जास्त वेळ, गंज तिथेच परत येतो.

वीसेक मिनिटांनी उरलेला सीलर ओतून काढा. अर्धा बाहेर आला तर जीव हळहळतो, पण राहू देऊ नका. साचलेलं डबकं आतून सुकत नाही, पुढे त्याचाच चकता सुटतो. काढलेला सीलर उघड्यावर पसरट पत्र्यावर ओता. कपात भरून ठेवला तर तो स्वतःच इतका तापतो की प्लास्टिक वितळतं. मग दर दहा मिनिटांनी टाकीची बाजू बदलत राहा, ओघळ थांबेपर्यंत. बारीक नळीत तार फिरवून फुंकर मारा. कडेचे आटे कापसाच्या काडीने पुसा.

तोंड उघडं ठेवून सावलीत, हवेशीर जागी चार दिवस. डब्यावर कमी लिहिलं असलं तरी चार दिवस. वास पूर्ण गेला आणि नख दाबून खूण उठली नाही, की झाला.

परत बसवणं

कॉकची जाळी साफ करा, जुनी रबरी पॅकिंग बदला. झाकणातलं श्वासाचं बारीक भोक फुंकून बघा. ते बुजलेलं असेल तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल खाली येत नाही, आणि तुम्ही उगीच सीलरला शिव्या द्याल. कार्बोरेटरची वाटी खोलून जुना गाळ काढा, नळी नवी घाला आणि मध्ये स्वस्तातला पारदर्शक फिल्टर बसवा.

टाकी बसवायच्या आधी अर्धा लिटर पेट्रोल आत घोळवून पांढऱ्या मलमलच्या फडक्यातून गाळा. फडक्यावर दोन-चार काळे कण आले तर ठीक, परत एकदा गाळा. पापुद्रे आले तर टाकी बसवू नका. सगळं ठीक असेल तर टाकी काठोकाठ भरा आणि पहिले पन्नास किलोमीटर झाल्यावर फिल्टरकडे बघा. काकांच्या गाडीचा फिल्टर मी तासगावला जाऊन आल्यावर काढून बघितला होता. तळाशी चिमूटभर काळसर धूळ होती, लाल काही नव्हतं. तो फिल्टर फेकून दुसरा घातला, आणि दर पावसाळ्याआधी घालतो.